जरा थांबा, पान उघडत आहे

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद आधीच घेऊन ठेव, कारण पुढे सगळी तक्रार आहे.

तक्रार एका वर्तुळाविरुद्ध आहे. सदर वर्तुळ निळसर असून अपूर्ण आहे. त्याचा एक तुकडा कुणीतरी खाल्ला असावा आणि तो शोधायला ते स्वतःभोवतीच गरगर फिरत असावं. तू मामीला करून दिलेल्या नव्या वेबसाइटच्या दारात ते उभं असतं आणि त्याच्या पायाशी पाटी: 'जरा थांबा, पान उघडत आहे.' मी थांबतो. थांबण्यात माझा हात कुणी धरणार नाही. मुलांच्या तोंडून एकेक विभक्ती बाहेर पडेपर्यंत मी पंचवीस वर्षं फळ्यापाशी उभा राहिलो आहे. पण मुलगा निदान डोकं खाजवतो, खिडकीबाहेर बघतो, शेजाऱ्याला कोपर मारतो. हे वर्तुळ काहीच करत नाही. नुसतं फिरतं. तुझं नाव भिंगरी मी ठेवलं, त्याचा सूड असा घ्यायचा?

बाकी वेबसाइट देखणी आहे, यात वाद नाही. शिलाई मशीनचं मोठं चित्र येतं, त्यातल्या सुईवर, चाकावर, बॉबिनच्या डबीवर बोट ठेवलं की तेवढा भाग उजळतो आणि मामीची उत्तरं एकामागून एक तरंगत वर येतात. पहिल्या दिवशी मामीनं डाव्या हातानं डबीवर बोट ठेवलं, दिवा लागल्यासारखी ती उजळली, आणि मामी हसली. आजारपणानंतरचं तिचं ते पहिलं हसू. म्हणून वर्तुळाला मी आजवर सहन केलं.

जुनी वेबसाइट आठवते ना? शाळेतल्या संगणकाच्या मास्तरांकडून शिकून मीच केली होती. पांढऱ्यावर काळी अक्षरं. एका रोगाला एक पान. 'खालचा दोरा गोळा होतो.' 'सुई सारखी तुटते.' 'मशीन पुढे जाते, कापड जात नाही.' मामी हातातलं मशीन दुरुस्त करता करता सांगायची, मी लिहायचो. तू तिला 'शिलाई मशीनचा सरकारी दवाखाना' म्हणायचीस. बरोबरच होतं. रंगाचा पत्ता नव्हता, पण रांग असायची. कुठून कुठून बायका पानाखालच्या चौकटीत प्रश्न लिहून पाठवायच्या.

हल्ली रांग जरा कमी आहे. थंडीचे दिवस, लोक शिवत नसतील.

मामी ठीक आहे. बोलते. थोडं, पण बोलते. पत्राचं उत्तर पत्रानंच दे. फोनवर मी काय बोलतो ते या दोन खोल्यांत सगळीकडे ऐकू जातं, आणि तुझ्या वर्तुळाची निंदा मामीच्या कानी पडलेली मला परवडणार नाही.

तुझा,
वर्तुळपीडित मामा


१३ फेब्रुवारी

प्रिय वर्तुळपीडित,

तुझं पत्र ऑफिसात आलं. इथे पोस्टानं पत्र येणारी मी एकटीच. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं पाकीट हातात घेऊन आधी त्याचा वास घेतला, मग विचारलं, 'कोण गं हा?' मी म्हटलं, मामा आहे, संस्कृत शिकवतो. तिचा चेहरा पडला.

तक्रार दाखल करून घेतली आहे. चौकशीअंती असं आढळलं की ते वर्तुळ माझ्या संगणकावर धड दिसतसुद्धा नाही, इतक्यात पान उघडतं. दोष तुमच्या घरच्या इंटरनेटचा आहे. ते पायी येतं. मी फोनवर बघितलं, मैत्रिणीच्या फोनवर बघितलं, सगळीकडे सगळी उत्तरं जागच्या जागी आहेत. तरी तुझ्या समाधानासाठी वर्तुळाच्या जागी एक सुई घालते, वर-खाली होणारी. चालेल?

पाटी मात्र बदलणार नाही. ती मामीची आहे. विसरलास? मी सुट्टीत तुमच्याकडे यायचे तेव्हा समोरच्या खोलीत ती मशीन उघडून बसलेली असायची, दातांत स्क्रू, आणि दारात कुणी आलं की वर न बघता म्हणायची, 'जरा थांबा.' मोठमोठी माणसं निमूट थांबायची. तू पण. पाटी लिहिताना मला तेच आठवत होतं.

खरं सांग, तुला नवी वेबसाइट आवडलेली नाही ना? रंग भडक झालेत? चित्र फार मोठं आहे? तू आतून अस्वस्थ असलास की जास्त विनोदी लिहितोस, हे आईनं मला लहानपणीच सांगून ठेवलंय.

आणि मामी 'बोलते' म्हणजे किती? रविवारी फोनवर ती फक्त 'हं' म्हणाली. दोनदा. तिची बाकीची वाक्यं मागून तूच पुरी करत होतास.

तुझी भिंगरी


२४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

सुई मंजूर. रंगांबद्दल तक्रार नाही. तुझ्या आईनं धाकट्या भावाची जी बदनामी चालवली आहे तिचा समाचार वेगळ्या पत्रात घेईन.

पण तिचं खरं आहे. म्हणून आज विनोद आवरता घेतो.

नवी वेबसाइट सुरू झाल्यावर काही दिवस तुरळक प्रश्न आले आणि मग बंद झाले. 'रांग जरा कमी' असं मी लिहिलं ते तुला वाईट वाटू नये म्हणून. तू सुट्ट्या मोडून ते काम केलंस, एक पैसा घेतला नाहीस, वर मामीला मिठाईचा डबा पाठवावा तसं नटवून पाठवलंस. त्याला नाव कोण ठेवणार?

काल शाळेत संगणकाच्या मास्तरांच्या खुर्चीत बसलो आणि शोधायच्या चौकटीत, एखादी अडलेली बाई लिहील तसं लिहिलं, 'शिलाई मशीन खालचा दोरा गोळा होतो.' पूर्वी आपलं पान वरच्या दोनतीनांत असायचं. आता मशीन विकणारे आले, दोरे विकणारे आले, स्वयंपाकाची भांडी विकणारा एक जणही कुठून तरी आला. आपण नाही. शेवटी वैतागून वेबसाइटचं नावच टाकलं. तेव्हा एक ओळ आली. वर नाव, आणि खाली वर्णन: 'जरा थांबा, पान उघडत आहे.' बस. मामीच्या सगळ्या विद्येतलं जगाला एवढंच कळलं आहे.

मास्तर म्हणाले, 'सर, आत सगळं आहे की.'

मी म्हटलं, 'आहे हो आत. पण आत आहे हे बाहेर कुणाला ठाऊक आहे?'

हे मी इतकं मनाला का लावून घेतलं, तेही सांगतो. पक्षाघातानंतर दवाखान्यातून आल्यावर मामी बोलतच नव्हती. डॉक्टर म्हणाले, शब्द गेलेले नाहीत, तिला सापडत नाहीत. पाणी हवं असेल तर पेल्याकडे बघायची. मला हाक मारायची नाही. पूर्वी दिवसभर 'अहो' चालायचं. अहो, पक्कड कुठंय? अहो, दार वाजतंय. अहो, ऐकताय का? या 'अहो'ला मी कंटाळलो आहे असं तुझ्या आईला ऐटीत सांगतही असे. मग एके दिवशी चहा पिताना, आलेला एक प्रश्न मी सहज मोठ्यानं वाचला: 'नवी सुई घातली तरी टाके सुटतात.' मामी खिडकीकडे बघत होती. तिकडेच बघत म्हणाली, 'उलटी.'

मी विचारलं, 'काय उलटी?'

'सुई. उलटी घातली.'

मी तसंच लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी कळवलं, सुई उलटीच होती. तेव्हापासून रोज शाळेतून आल्यावर चहा आणि एक प्रश्न, असा आमचा नेम झाला. मामी दिवसभरात बोलायची ती तेवढंच.

प्रश्नच नाहीत तर नेम कसला? म्हणून मी एक उपाय केला आहे. कुणाला सांगू नकोस. प्रश्न मीच लिहितो. मधल्या सुट्टीत लिहितो आणि घरी येऊन 'आलाय बरं का एक' म्हणून वाचतो. तीन झाले. तिन्हींना उत्तरं मिळाली. मशीनमधलं मला काही कळत नाही, पण मराठी तर लिहिता येतं.

तुझा मामा,
ऊर्फ तीन गिऱ्हाइकं


६ मार्च

मामा,

चूक माझी आहे.

तुझं पत्र वाचलं आणि आपली वेबसाइट शोधयंत्राला जशी दिसते तशी उघडून बघितली. आजवर मी ती फक्त माझ्या डोळ्यांनी बघत होते. तिथे काहीच नव्हतं, मामा. एक पाटी होती. मी तिच्याकडे बघत बसले. माझा चहा कुणीतरी उचलून नेला तरी मला कळलं नाही.

तुला कळेल असं सांगते. तुझ्या जुन्या वेबसाइटवर प्रत्येक पान शिवून तयार होतं, दुकानात टांगलेल्या झग्यासारखं. कुणीही दारातून डोकावलं तरी झगा दिसायचा. मी ते तयार कपडे काढून टाकले. आता जो येईल त्याच्या हातात मी कापड, दोरा आणि बेतलेला कागद ठेवते आणि त्याच्या संगणकाला सांगते, घे, शिव. माणसांचे संगणक बिचारे शिवतात. ते वर्तुळ फिरतं ते तेवढ्यासाठी. म्हणून तुला, मला, मैत्रिणीला सगळं दिसतं.

पण शोधयंत्र सगळीकडची पानं वाचायला आपला निरोप्या पाठवतं. माणूस नव्हे, एक प्रोग्रामच. त्याला अगणित दारं फिरायची असतात. दारात येतो, जे लिहिलेलं दिसेल ते टिपतो, पुढे जातो. काही निरोपे शिवायला बसतच नाहीत. काही बसतात, पण नंतर कधीतरी, सवडीनं, आणि पुरतं शिवून होतंच असं नाही. आणि बसला असता तरी आपला उपयोग नव्हता. मामीची उत्तरं मी चित्राच्या आत ठेवली ना? डबीवर बोट ठेवल्याशिवाय ती येतच नाहीत. निरोप्या कशावरही बोट ठेवत नाही. त्यात मी एकेका रोगाची वेगळी पानं मोडून सगळी एकाच पत्त्यावर आणली, आणि जुने पत्तेही त्याच दाराकडे वळवले. कुणी 'दोरा गोळा होतो' असं शोधलं तर त्यानं दाखवायचं तरी कुठलं पान? त्याच्या टिपणात 'सुई' हा शब्दसुद्धा नाही. शिलाई मशीनची वेबसाइट, आणि सुई नाही!

हे मला माहीत नव्हतं असं नाही, हे जास्त लागतंय. गिऱ्हाइकांची कामं करताना मी हे तपासते. घरचं म्हणून तपासलं नाही. फक्त मामीला कसं दिसेल एवढंच बघत राहिले.

आता दुरुस्ती. उत्तरं पुन्हा एकेका पानावर, एकेका पत्त्यावर. पानं कोडच शिवेल, पण इथे, आमच्याकडे, आधीच. दारात नुसतं टांगलेलं दिसेल. चित्र राहील, मामीला आवडतो तो उजेडही राहील. जुने पत्ते आपापल्या पानाकडे जातील. मग निरोप्या परत कधी येईल, आणि आल्यावर आपल्याला वर ठेवेल की खाली, ते माझ्या हातात नाही. त्याला बोलावणं धाडता येतं. आग्रह करता येत नाही.

तोवर एक ऐक. खोटे प्रश्न बंद कर. मामीला कळेल, आणि कळलं तर ती खऱ्यांनाही उत्तर देणार नाही.

भिंगरी


१७ मार्च

चि. भिंगरीस,

तुझं पत्र यायच्या आधीच कळलं होतं.

चौथा प्रश्न मी जरा मन लावून लिहिला होता. 'महोदया, माझ्या यंत्रातून अलीकडे एक विलक्षण ध्वनी उत्पन्न होत असून तत्संबंधी आपले मार्गदर्शन प्रार्थनीय आहे.' मामीनं कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. आजारपणानंतर इतकं सरळ तिनं कुणाकडेच बघितलं नव्हतं.

'तुम्ही,' ती म्हणाली.

'मी काय?'

'तुम्ही... लिहिलं.'

'छे! कुणीतरी बाई आहेत. चांगल्या शिकलेल्या दिसतात.'

'कशाला,' ती म्हणाली, आणि पुढचा शब्द येईना. मी लगेच मदतीला धावलो. 'कशाला लिहीन मी, असंच ना? तेच म्हणतोय मी.' ती भिंतीकडे वळली.

तेव्हापासून घरात चहा होतो, प्रश्न होत नाही. आता मला वाटतं, आधीचे तीनही तिनं ओळखले असावेत आणि माझ्या मनासाठी उत्तरं दिली असावीत. चौथ्याला तिचाही नाइलाज झाला.

तुझ्या निरोप्यावर मी बराच विचार केला. आधी त्याचा रागच आला. एवढा जगभर फिरणारा, आणि एका दारात घटकाभर थांबवत नाही? लेकाचा पाटी वाचतो आणि सुटतो! मग परवा, मामीला बोलायचा सराव देणाऱ्या बाई आल्या. आठवड्यातून एकदा येतात. तरुण आहेत, आवाज हळू, पण नजर हेडमास्तरांची. त्यांनी खिडकीकडे बोट दाखवून मामीला विचारलं, 'हे काय आहे?' मामीचे ओठ हलले.

मी म्हटलं, 'खि...'

त्यांनी पेन्सिल माझ्याकडे रोखली. 'सर, तुम्ही बाहेर थांबा.'

मला! वर्गाबाहेर! जन्मात पहिल्यांदा. दाराबाहेर चपलांकडे बघत उभा राहिलो. आत शांतता. मला वाटलं, संपलं, तिला येत नाही. काहीतरी चाळा हवा म्हणून मनात एक शब्द चालवायला घेतला, प्रथमेपासून, तिन्ही वचनांत. सप्तमीपर्यंत आलो तरी आत शांतताच. आणि मग मामीचा आवाज आला, 'खिडकी.'

जाताना बाई चपला घालता घालता म्हणाल्या, 'सर, शब्द त्यांच्या आत असतो. तयार होऊन ओठांवर यायला वेळ लागतो. तुम्ही विचारता आणि उत्तरही देऊन टाकता. मग त्या सोडून देतात.'

पहिल्या पत्रात मी थांबण्याची फुशारकी मारली होती, ती मागे घेतो. मुलगा अडखळला की पुढचं अक्षर मीच सांगून टाकतो. इतकी वर्षं हेच करत आलो. मुलांना वाटायचं, सर फार चांगले आहेत.

'कशाला'च्या पुढे तिला काय म्हणायचं होतं, ते आता कळायचं नाही.

तुझ्या पानांचं कुठवर आलं?

मामा


३१ मार्च

मामा,

हे पत्र मामीसमोर बसून मोठ्यानं वाच. मुद्दाम तसंच लिहिलंय. खालची रेघ आली की थांब.

मामी, तुला कुणी विचारत नव्हतं ते तू नको होतीस म्हणून नाही. बायका शोधत होत्या, त्यांना तू सापडत नव्हतीस. ते माझ्यामुळे. मी दार इतकं सजवलं की आत काय आहे ते बाहेरून कळेनाच. आता सगळी पानं पुन्हा शिवून लावली आहेत. लावताना एकेक वाचून काढलं. 'मशीन पुढे जाते, कापड जात नाही' याच्याखाली तू सांगितलंयस, 'आधी दात साफ करा.' आणि मामानं पुढे कंसात घातलंय, 'यंत्राचे.' मी इतकी हसले की शेजारची मुलगी पुन्हा विचारायला आली, कोण गं हा?

शोधयंत्राचा निरोप्या येऊन गेला. काही पानं त्यानं नेली, बरीचशी अजून तशीच आहेत. 'सुई सारखी तुटते' आता सापडतं. फार खाली आहे, भांडीवाल्याच्याही खाली, पण आहे. मी रोज बघते.

मामानं खोटे प्रश्न लिहिले, त्याची शिक्षा तू ठरव. मात्र फार दिवस गप्प राहू नकोस. तो आणखी लिहील, आणि त्याचं मराठी तू ऐकलंयस.

तुझी भिंगरी

————

मामा, आता मनात वाच. आई म्हणते, लहानपणी तिला शाळेत काही विचारलं की उत्तर खालच्या वर्गातून तू द्यायचास. तिला तेव्हाही राग यायचा. मी पुढच्या महिन्याच्या शेवटी सुट्टी काढून येते. तोवर खरा प्रश्न आला तर वाच, आणि मग ते शब्द चालवायचं काय ते चालव. पण मनात.


२१ एप्रिल

चि. भिंगरीस,

आला!

काल, मी शाळेतून येऊन चहा टाकत होतो तेव्हा. मजकूर आला तसाच देतो: 'मशीन खडखड करतंय सुई दोनदा तुटली उद्या मुलीचे कपडे द्यायचेत लवकर सांगा.' ना महोदया, ना कृपया, ना एखादा पूर्णविराम. इतकं सुंदर गद्य मी बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं.

मामीला वाचून दाखवलं. ती भिंतीकडेच बघत होती. 'मी नाही लिहिलेलं,' मी म्हटलं. 'तुझी शपथ.'

तिनं मान वळवली. 'परत.'

पुन्हा वाचलं. मग मी गप्प बसलो. भिंगरे, ते गप्प बसणं! मनात शब्द घेतला. प्रथमा, द्वितीया. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची उतरलेली साखळी चढवत होतं, तिचा आवाज येत होता. तृतीया. मामीचे ओठ हलले, थांबले. 'खडखड कुठून येते' हे माझ्या जिभेवर तयार होतं, ते मी चहाबरोबर गिळलं. चतुर्थी. साखळी चढली, सायकल गेली. पंचमी.

'खड,' मामी म्हणाली. 'खडखड. वर... की खाली?'

मी तसंच पाठवलं. बाई टपून बसल्या असाव्यात. लगेच उलट टपाली आलं: खाली.

'डबी,' मामी म्हणाली. षष्ठी. सप्तमी. 'डबी नीट... बसली नाही. टक्... आवाज येईपर्यंत... दाबा.' हे वाक्य पुरं होईपर्यंत चहा पार निवला. पण पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत ते तिचं होतं. मी त्यात एक अक्षर घातलं नाही. कंसातसुद्धा नाही.

थोड्या वेळानं बाईंचं उत्तर आलं: 'झालं.' एवढंच. आभार नाहीत, काही नाही. मामी खूश!

तुझ्या निरोप्याला माझा नमस्कार सांग. त्याच्याबद्दल बोललेलं मागे घेतो. कुठल्या तोंडानं बोलणार?

पत्र इथेच संपवणार होतो. पण तुझी आई म्हणते तसं, मी काहीतरी राखून लिहितो आहे हे तुला कळेलच.

'झालं' हे वाचून दाखवल्यावर मामी माझ्याकडे वळली. तिनं तोंड उघडलं. काहीतरी यायला लागलं होतं, आणि ते मशीनचं नव्हतं. तिच्या डोळ्यांवरून कळत होतं. 'अ' एवढं आलं. नीट ऐकलं मी. तेवढ्यात दुसऱ्या चहाचं दूध वर यायला लागलं आणि मी उठलो. गॅस बंद करून परत आलो, तर ती खिडकीकडे बघत होती. 'काय म्हणत होतीस?' मी विचारलं. तिनं डावा हात हलवला, जाऊ दे.

आज शाळेत रजा टाकली आहे. फोन बंद करून ठेवला आहे, गॅसही. खुर्ची तिच्या समोर ओढून बसलो आहे आणि हे मांडीवर लिहितो आहे. तिला शब्द सापडतील की नाही, याची काळजी मला होती. आता तेवढी नाही. सापडतात, उशिरा सापडतात. मला काळजी आहे ती माझी. दवाखान्यातून आल्यापासून किती वेळा ती मला काहीतरी सांगायला निघाली असेल, आणि आत काही नाही असं समजून मी उठून गेलो असेन, ते मला माहीत नाही. आजही तसाच उठून जाईन, याची मला भीती वाटते.

मामा